दुकानाच्या वेब पानावर जावास्क्रिप्ट अडते तेव्हा

बेळगावात कुणी वेब पानं करायला शिकलं की पहिलं काम ओळखीतनंच येतं. मामाचं दुकान, गल्लीच्या मंडळाची वर्गणी, नाहीतर गावच्या सोसायटीची नोटीस. आपण इथं खडेबाजारातल्या एका हार्डवेअर दुकानाचं ऑर्डर पान धरून चालू. मालाची यादी, शोधायची चौकट, नग, एकूण रक्कम, माल पोचवायची तारीख आणि खाली 'ऑर्डर पाठवा' हे बटण. गिऱ्हाईक येळ्ळूर-उचगावचं असेल तर मराठीत शोधणार, बैलहोंगल-सौंदत्तीकडचं असेल तर कन्नडमध्ये, आणि कॉन्ट्रॅक्टर असेल तर इंग्रजीत.

एवढ्या साध्या पानावर नवशिक्याला ज्या अडचणी येतात त्या बहुतेक एकाच जातीच्या असतात: पडद्यावर आपल्याला दिसतं एक आणि ब्राउझरच्या हातात असतं दुसरंच. शिकवणीतली उदाहरणं इंग्रजी पानांवर बेतलेली असतात, त्यामुळे तिथं हा फरक फारसा उघडा पडत नाही. आपल्या पानावर तीन लिप्या एकत्र आल्या की पहिल्याच दिवशी पडतो. म्हणून उपाय शोधत बसण्याआधी दर वेळी ब्राउझरलाच विचारायचं, बाबा तुझ्याकडे नक्की काय आलंय?

वाचण्याआधी एवढं लक्षात असू द्या की या लेखात कोडमधले शब्द आणि आकडे देवनागरीत लिहिले आहेत. मुद्दाम 'देवनागरी' असं म्हटलेलं नसेल तिथं टाइप करताना ते इंग्रजीतच करायचे.

पहिलं काम: कन्सोल उघडा

क्रोममध्ये पान उघडा आणि एफ १२ दाबा. 'कन्सोल' नावाचा भाग दिसेल. जावास्क्रिप्ट अडली की तिथं लाल ओळ येते, आणि त्या ओळीच्या उजव्या कडेला फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक असतो. नवीन मुलं लाल ओळ बघून घाबरतात आणि सगळा कोड पुसून परत लिहायला घेतात. तसं करू नका. त्या क्रमांकावर क्लिक केलं की ब्राउझर नेमकी अडलेली ओळ दाखवतो. लाल ओळी दहा असतील तर सगळ्यात वरची आधी सोडवा. खालच्या बऱ्याचदा तिच्याच पोटातून आलेल्या असतात.

ठरावीक तक्रारी अशा. 'इज नॉट डिफाइन्ड' म्हणजे त्या नावाचं काही सापडलं नाही. नाव लिहिताना लहान-मोठ्या लिपीत घोळ झालाय का बघा, कारण जावास्क्रिप्टला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी वाटतात. 'इज नॉट अ फंक्शन'चंही तेच. 'इनव्हॅलिड ऑर अनएक्स्पेक्टेड टोकन' ही तक्रार कोड व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा वर्डमधून उचलला असेल तर हमखास येते. सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळलेली, छापील अवतरणं आलेली असतात. डोळ्याला फरक जाणवत नाही, ब्राउझरला मात्र ती चिन्हं कोडमध्ये चालत नाहीत. पुसा आणि हाताने परत टाइप करा.

किंमत बघायची असेल तिथं 'कन्सोल डॉट लॉग' लिहा, आणि नुसती किंमत नको, 'टाइपऑफ' लावून तिचा प्रकारही छापा. पुढं हे सारखं लागणार आहे.

अक्षरांच्या जागी कचरा

दुकानदार मालाची यादी बहुतेक वेळा प्रिंटिंग प्रेसमधून आणून देतो. डीटीपीवाल्याने ती श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली असेल, कन्नड यादी जुन्या नुडीत. ती कॉपी करून पानात टाकली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, कारण त्या फाइलमध्ये मुळात मराठी किंवा कन्नड अक्षरं नसतातच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार चढवलेले असतात. इथं जावास्क्रिप्ट काही करू शकत नाही. आधी यादी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्या, मगच पुढं चला.

यादी युनिकोडमध्ये आहे आणि तरी कचरा दिसतोय, तर फाइल यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायची नेहमीची पद्धत) सेव्ह झाली आहे का आणि पानाच्या डोक्यावर यूटीएफ-८ सांगणारा 'मेटा चारसेट' टॅग आहे का ते बघा. हा टॅग फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटच्या आत असावा लागतो, म्हणून 'हेड' सुरू झाल्या झाल्या पहिला तोच लिहायचा.

'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल'

नवशिक्याची ही सगळ्यात जुनी ओळखीची तक्रार. बटण पानावर समोर दिसतंय, 'गेट एलिमेंट बाय आयडी'मध्ये नाव बरोबर आहे, आणि ब्राउझर म्हणतो तिथं काहीच नाही. ब्राउझर पान वरून खाली वाचत येतो. स्क्रिप्ट 'हेड'मध्ये असेल तर ती चालते तेव्हा खालचं बटण अजून तयारच झालेलं नसतं. पंगतीत पत्रावळी मांडायच्या आधीच वाढपी भाताचं घमेलं घेऊन उभा राहावा तसा प्रकार.

स्क्रिप्टच्या टॅगला 'डेफर' हा शब्द जोडा. मग फाइल आणायचं काम बाजूला चालू राहतं आणि ती चालते मात्र सगळं पान वाचून झाल्यावर. 'डेफर' फक्त वेगळ्या फाइलमधल्या स्क्रिप्टला लागू पडतो. पानातच कोड लिहिला असेल तर तो 'बॉडी' संपण्याच्या अगदी आधी न्या. तरीही नल येत असेल तर आयडीचं स्पेलिंग तपासा.

बटण दाबलं की पान कोरं

फॉर्ममधल्या बटणाला प्रकार दिला नाही तर ते 'सबमिट' धरलं जातं. दाबलं की फॉर्म पाठवला जातो, पान परत उघडतं, भरलेलं सगळं जातं, आणि आपल्या कोडने दाखवलेला बेरजेचा आकडा पापणी लवायच्या आत गायब होतो. फॉर्मच्या 'सबमिट' घटनेवर फंक्शन लावा आणि त्याच्या पहिल्याच ओळीत 'प्रिव्हेंट डिफॉल्ट' बोलवा.

फंक्शन लावताना त्याच्या नावापुढं कंस देऊ नका. कंस दिला की ते तिथल्या तिथं चालतं आणि बटणाला काहीच लागत नाही. पान उघडल्या उघडल्या काम झालं आणि बटण दाबल्यावर काही होईना, असं दिसलं की कंस शोधायचा.

ऑर्डर जायला लागली की बटण लगेच 'डिसेबल्ड' करा. खानापूरच्या पुढं, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला रेंज गेली की माणूस बटण चार वेळा दाबतो आणि दुकानात चार ऑर्डरी येतात.

रक्कम चुकते

'काय हो, बिल बरोबर येईना की,' असा दुकानदाराचा फोन येतो तो याच भागामुळं. इथं जरा थांबून समजून घ्या.

चौकटीत भरलेलं काहीही जावास्क्रिप्टला मजकूर म्हणून मिळतं. दर १२ आणि वाहतूक ५ असं भरून अधिक केलं तर १७ येत नाहीत, १२५ येतात, कारण मजकुराला मजकूर चिकटवला गेला. गंमत म्हणजे त्याच दोन किमतींचा गुणाकार केला तर ६० असं बरोबर उत्तर येतं, म्हणून मुलांना वाटतं आपला कोड ठीक आहे आणि 'अधिक' बिघडलंय. उपाय म्हणजे चौकटीतली किंमत हातात येताक्षणी 'नंबर' मधून काढायची, मगच हिशोबाला लावायची.

पण 'नंबर'चे स्वतःचे हट्ट आहेत. रिकाम्या चौकटीचं तो शून्य करतो, तेव्हा नग भरायचाच राहिला तरी शून्य रुपयांची ऑर्डर निघते; रिकामी चौकट आधीच वेगळी तपासा. '१,२०,०००' असा स्वल्पविराम घालून लिहिलेला आकडा त्याला कळत नाही, तो 'नॅन' देतो, म्हणजे 'हा आकडाच नाही'. 'पार्सइंट' वापरला तर आणखी वाईट: पहिल्या स्वल्पविरामाशी थांबून तो नुसता १ देतो. तक्रार नाही, लाल ओळ नाही, एक लाख वीस हजारांचा एक रुपया.

आणि आपल्याकडचा खास प्रकार. गिऱ्हाइकाच्या फोनवर मराठी कीबोर्ड चालू असतो आणि तो नग देवनागरी आकड्यांत लिहितो. जावास्क्रिप्टला देवनागरी ४० हा आकडा वाटतच नाही, पुन्हा 'नॅन'. कन्नड आकड्यांचंही तसंच. चौकटीचा प्रकार 'नंबर' ठेवला तर ब्राउझरला न पटलेल्या भरण्याची किंमत कोरी मिळते, गिऱ्हाइकाने काय लिहिलं होतं तेही कळत नाही. म्हणून प्रकार 'टेक्स्ट' ठेवा, 'इनपुटमोड'ला 'न्यूमेरिक' द्या म्हणजे फोनवर आकड्यांचाच कीबोर्ड उघडेल, आणि आलेला मजकूर स्वतः साफ करा.

साफ करायचा क्रम असा: दोन्ही कडांच्या मोकळ्या जागा 'ट्रिम'ने काढा, स्वल्पविराम काढा, मग एकेक आकडा बदला. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि नऊचा २४१५. कन्नड शून्य ३३०२ वर, नऊ ३३११ वर. अक्षराचा क्रमांक 'कोड पॉइंट ॲट'ने घ्यायचा आणि त्यातून त्या लिपीच्या शून्याचा क्रमांक वजा करायचा. उरतो तो साधा आकडा. हे सगळं एका छोट्या फंक्शनमध्ये ठेवा आणि प्रत्येक चौकट त्यातूनच काढा. रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकुरात नमुना शोधायची पद्धत) 'बॅकस्लॅश डी' इथं कामाचा नाही, जावास्क्रिप्टमध्ये तो फक्त इंग्रजी आकडे ओळखतो.

पुढं पैसे. कन्सोलमध्ये ०.१ अधिक ०.२ करून बघा, ०.३०००००००००००००००४ येतं. १९.९९ ला १०० ने गुणलं तर १९९९ च्या जागी १९९८.९९९९९९९९९९९९८ येतं. संगणक हे अपूर्णांक दहाच्या ऐवजी दोनच्या पायावर साठवतो आणि त्यात ते नेमके बसत नाहीत. तेव्हा दर आत घेताना १०० ने गुणून 'मॅथ डॉट राउंड' करा, सगळा हिशोब रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकांनी करा, आणि दाखवताना शेवटी १०० ने भागा. दशांशापुढचे आकडे ठरावीक ठेवणारा 'टूफिक्स्ड' फक्त दाखवण्यापुरता ठेवा. तो आकडा देत नाही, मजकूर देतो, आणि त्याला पुढं अधिक केलं की परत चिकटवाचिकटवी सुरू.

दाखवताना लाख-हजारांचे स्वल्पविराम हाताने घालू नका. 'टू लोकेल स्ट्रिंग'ला 'एन-आयएन' संकेत दिला तर इंग्रजी आकड्यांत १,२०,००० या आपल्या पद्धतीने गट पडतात. 'एमआर-आयएन' दिला तर तेच देवनागरी आकड्यांत मिळतं. छान दिसतं, पण एकदा असा दाखवलेला मजकूर पानावरून परत वाचून हिशोबाला घेतला की संपलं. हिशोबाची किंमत नेहमी व्हेरिएबलमध्ये ठेवा, पानावरून उचलू नका.

शोधलं तर सापडत नाही

यादीत 'दोऱ्या' आहे. गिऱ्हाइकानं शोधायच्या चौकटीत 'दोर्‍या' लिहिलं. दोन्ही डोळ्याला सारखेच. शोध म्हणतो, असा माल नाही.

कन्सोलमध्ये दोन्ही शब्दांच्या प्रत्येक अक्षराचा क्रमांक 'अ‍ॅरे डॉट फ्रॉम' आणि 'कोड पॉइंट ॲट' वापरून छापा. यादीतल्या शब्दाचे सहा क्रमांक येतील: २३४२, २३७९, २३५३, २३८१, २३५१, २३६६. गिऱ्हाइकाच्या शब्दाचे सात: २३४२, २३७९, २३५२, २३८१, ८२०५, २३५१, २३६६. पहिल्यात २३५३ क्रमांकाचा वेगळा ऱ वापरलाय. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढं ८२०५ हे न दिसणारं जोडचिन्ह. कुठल्या कीबोर्डने लिहिलं त्यावर हे ठरतं. कुऱ्हाड, चऱ्हाट, सुऱ्या, सगळ्यांची तीच कथा, आणि हार्डवेअरच्या दुकानात या वस्तू काही थोड्या नाहीत.

ॲल्युमिनियमचंही असंच. सुरुवातीचं 'ॲ' हे २४१८ क्रमांकाचं एकच चिन्ह असू शकतं किंवा अ (२३०९) आणि त्यावर चंद्र (२३७३) अशी जोडी. एकच चिन्ह असलेला 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधीच्या मजकुरात जोडीच सापडते, आणि अजूनही बरेच जण तसंच लिहितात. उद्यमबागेतल्या कारखान्यांना माल पुरवणाऱ्या दुकानाला हा एक शब्द सापडला नाही तर पान असून नसल्यासारखं.

एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेलं असेल तर ते एकसारखं करायला जावास्क्रिप्टमध्ये 'नॉर्मलाइज' आहे, पण त्याच्यावर विसंबू नका. र खाली नुक्ता देऊन केलेला ऱ तो एकचिन्ही ऱ शी जुळवतो. वरच्या दोन प्रकारांना मात्र हात लावत नाही. तेव्हा शोधासाठी आपलं स्वतःचं फंक्शन लागतं, आणि त्यातला क्रम महत्त्वाचा:

१. 'ट्रिम' करा आणि 'नॉर्मलाइज'ला 'एनएफसी' द्या.
२. र, हलन्त आणि ८२०५ एकामागोमाग दिसले की त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त घाला.
३. अ आणि चंद्राची जोडी दिसली की एकचिन्ही ॲ घाला.
४. त्यानंतरच उरलेली ८२०४ आणि ८२०५ ही न दिसणारी चिन्हं काढून टाका. ही पायरी दुसरीच्या आधी केली तर 'दोर्या' होऊन बसतो आणि परत काही सापडत नाही.
५. इंग्रजी नावांसाठी 'टू लोअर केस'.

यादीतलं नाव आणि शोधाचा शब्द, दोन्ही याच फंक्शनमधून काढा आणि मग 'इन्क्लूड्स'ने तुलना करा. पानावर दाखवायला मात्र मूळ नावच वापरा. ऱ्हस्व-दीर्घाची चूक आणि बोलीतली नावं यातून सुटत नाहीत; त्यासाठी प्रत्येक वस्तूला एक कायमचा क्रमांक द्या आणि त्याच्यापुढं मराठी, कन्नड, इंग्रजी नावं आणि लोकांच्या तोंडातली इतर नावं यांची यादी ठेवा. गावांच्या यादीलाही हेच लावा. शहराचं नाव २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी आहे, मराठी माणूस बेळगाव लिहितो, जुन्या बिलांवर इंग्रजी बेलगाम आहे. नावावरून ऑर्डरी मोजल्या तर एकाच शहराची तीन शहरं होतील.

शोधाचं फंक्शन 'कीडाउन'वर नको, 'इनपुट' या घटनेवर लावा. अँड्रॉइडवर मराठी लिहिताना 'कीडाउन'मध्ये बहुतेक वेळा नुसता २२९ हा क्रमांक मिळतो. कुठलं अक्षर दाबलं ते कळतच नाही.

याच जातीची आणखी एक गोष्ट म्हणजे मजकुराची लांबी सांगणारा 'लेंग्थ'. येळ्ळूर आपल्याला तीन अक्षरांचं वाटतं, 'लेंग्थ' सात सांगतो, कारण मात्रा, हलन्त सगळं सुटं मोजलं जातं. 'नाव २० अक्षरांच्या आत' अशी अट घातली तर मराठी आणि कन्नड नावं निष्कारण नाकारली जातात, आणि 'स्लाइस'ने नाव कापलं तर काना-वेलांटी मागंच राहते. अट सैल ठेवा. कापणं अगदीच लागलं तर अख्खी अक्षरं वेगळी करणारा 'इंटल डॉट सेगमेंटर' वापरा. जुन्या ब्राउझरांत त्यानेही जोडाक्षर फुटू शकतं, तेव्हा लांब नाव सीएसएसनेच दोन ओळींत जाऊ दिलेलं बरं.

व्हेरिएबलला देवनागरीत नाव दिलं तर जावास्क्रिप्ट ते चालवून घेते, 'दर' आणि 'नग' अशी नावं बिनतक्रार चालतात. पण 'दोऱ्या' नावाचं व्हेरिएबल दोन कीबोर्डांवरून लिहिलंत तर काय होईल ते आता कळलंच असेल.

तारीख एक दिवस मागं

१ नोव्हेंबर ही तारीख (कर्नाटक राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस) आपल्या भागात कुणाला वेगळी सांगावी लागत नाही. त्या दिवशी बाजार कसा असतो ते दुकानदाराला चांगलं ठाऊक असतं. समजा त्या दिवशी माल पोचवणं बंद ठेवायचंय. 'डेट'ला २०२५, ११, १ दिलं तर १ डिसेंबर मिळतो. जावास्क्रिप्ट १९९५ साली घाईत तयार झाली तेव्हा तारखेचा भाग जावा भाषेतून जसाच्या तसा उचलला गेला, आणि तिथं महिने शून्यापासून मोजत. नोव्हेंबर म्हणजे १०.

ते दुरुस्त केलं आणि 'टू आयएसओ स्ट्रिंग'ने तारीख छापली, तर ३१ ऑक्टोबर, १८:३० दिसतं. हे फंक्शन वेळ ग्रिनिचच्या हिशोबात देतं आणि आपण साडेपाच तास पुढं आहोत. 'आजच्या आधीची तारीख निवडता येऊ नये' म्हणून हेच वापरलं तर पहाटे साडेपाचपर्यंत कालची तारीख चालून जाते. वर्ष, महिना, दिवस वेगवेगळे काढा ('गेट फुल इयर', 'गेट मंथ' अधिक एक, 'गेट डेट'), दोन अंकी करायला 'पॅडस्टार्ट' लावा आणि स्वतः जोडा.

दरांची फाइल येत नाही

दर वेगळ्या जेसन फाइलमध्ये (माहिती ठरावीक मांडणीत लिहिलेली मजकुराची फाइल) ठेवलेत आणि पान फोल्डरमध्ये डबल-क्लिक करून उघडलंय, तर फाइल मागवणारा 'फेच' अडतो आणि कन्सोलमध्ये 'कॉर्स'ची (दुसरीकडची फाइल वाचण्यावर ब्राउझरने घातलेलं बंधन) तक्रार येते. व्हीएस कोडमधलं 'लाइव्ह सर्व्हर' एक्स्टेन्शन घालून पान उघडा, तक्रार जाईल. दरांच्या जागी 'ऑब्जेक्ट प्रॉमिस' छापून आलं तर उत्तर येईपर्यंत थांबायला सांगणारा 'अवेट' राहिलाय; 'जेसन' काढणाऱ्या दुसऱ्या ओळीलाही तो लागतो, आणि तिथंच बहुतेक जण विसरतात. फाइल सर्व्हरवर नसली तरी 'फेच' स्वतःहून चूक मानत नाही, म्हणून उत्तराचं 'ओके' तपासूनच पुढं जा. जेसनमध्ये शेवटच्या वस्तूनंतर स्वल्पविराम चालत नाही, एकेरी अवतरणंही चालत नाहीत.

आलेली नावं पानावर टाकताना 'टेक्स्ट कंटेंट' वापरा. 'इनर एचटीएमएल'ने टाकलं तर कुणी चौकटीत लिहिलेला टॅगही पानात घुसतो.

भाषेची निवड 'लोकल स्टोरेज'मध्ये ठेवत असाल तर तिथं फक्त मजकूर साठतो. 'फॉल्स' ठेवलंत तर परत येताना ते पाच अक्षरी मजकूर होऊन येतं, आणि कोरा नसलेला कुठलाही मजकूर जावास्क्रिप्टला खराच वाटतो. 'कन्नड दाखवू नको' म्हणून ठेवलं की पान कन्नडमध्येच उघडत राहतं. हो-नाही ऐवजी भाषेचा संकेतच ठेवा, 'एमआर', 'केएन' किंवा 'ईएन', आणि तोच पानाच्या 'लँग'लाही द्या.

सर्व्हरवर चढवल्यावर

आपल्या विंडोजवर फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल एकच धरलं जातं. होस्टिंगचे सर्व्हर बहुतेक लिनक्सवर असतात आणि तिथं ते वेगळं. घरी दिसणारे फोटो तिथं गायब झाले तर हेच कारण. सगळी नावं स्मॉल अक्षरांत, मोकळ्या जागेशिवाय ठेवा.

कोड दुरुस्त करून चढवला तरी दुकानातल्या फोनवर जुनंच पान दिसतं, कारण ब्राउझरने जुनी फाइल साठवून ठेवलेली असते. स्वतःच्या संगणकावर कंट्रोल-शिफ्ट-आर दाबून भागतं, पण गिऱ्हाइकाला ते सांगत बसता येत नाही. स्क्रिप्टच्या पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि आवृत्तीचा आकडा जोडा, दर दुरुस्तीला तो बदला. मग दुकानदाराचाच फोन घ्या, मराठी कीबोर्ड लावा, देवनागरीत नग लिहा, दोऱ्या शोधा आणि एक खोटी ऑर्डर पाठवून बघा.